सरत्या थंडीचा आठवडी अंदाज : निफाड शिवारातल्या प्रकल्प नोंदी

२२ जानेवारी

काम काय आहे ते आधी लिहिते. दर शुक्रवारी पुढच्या सात दिवसांचा हवामान अंदाज आमच्या शिवारापुरता तयार करायचा आणि गटातल्या बागायतदारांना पाठवायचा. मुदत फेब्रुवारीअखेर. गटातल्या काहींच्या द्राक्षबागा कादवा नदीच्या काठाला आहेत, काहींच्या वरच्या माळावर. सोबत कांदा आणि थोडा गहू.

हवामान खात्याचा अंदाज असताना हे कशाला, असं नानांनी (माझे सासरे) लगेच विचारलं. खात्याच्या हिशोबात नाशिक ‘मध्य महाराष्ट्र’ या उपविभागात येतं. त्यात नंदुरबार-जळगावपासून कोल्हापूर-सोलापूरपर्यंत दहा जिल्हे आहेत. ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ याचा अर्थ उपविभागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस. तो अंदाज शंभर टक्के खरा ठरला तरी आमच्या रानात थेंब पडेलच असं नाही. जिल्ह्याचा अंदाज जास्त जवळचा, पण हवेने अगदी वेगळे इगतपुरी, सुरगाणा आणि निफाड हे तिन्ही एकाच जिल्ह्यात आहेत. त्यामुळे खात्याचा अंदाज पाया धरायचा आणि त्यावर आपल्या शिवाराची दुरुस्ती करायची, एवढंच ठरवलं आहे.

अंदाज कोणत्या कामांसाठी हवा तेही गटात बसून लिहून काढलं: पहाटे पाणी सोडायचं का (कडाक्याच्या थंडीत मणी तडकतात, पाण्याने बागेला थोडी ऊब मिळते), फवारणी कधी घ्यायची, पाणी उतरलेल्या (मणी मऊ होऊन पिकू लागलेल्या) घडांना झाकायला पेपर लावायचा का, तयार माल लगेच काढायचा की गोडी भरायला आठ दिवस थांबायचं. यांपैकी कशालाही उपयोगी न पडणारा आकडा अंदाजात घालायचा नाही, असंही ठरलं. हा नियम पुढे पाळायला अवघड गेला, ते खाली येईलच.

२४ जानेवारी

तापमापक आणले. एक काचेचा, कमाल आणि किमान दोन्ही खुणा धरून ठेवणारा, ८५० रुपयांना. दुसरा डिजिटल, वायरच्या टोकाला सेन्सर असलेला आणि दर दहा मिनिटांनी नोंद साठवणारा, २,४०० रुपयांना.

वापरण्याआधी दोन्ही तपासले. बर्फ बारीक कुटून थर्मासमध्ये भरला, भिजेल इतकंच पाणी घातलं, ढवळत राहिले. अशा मिश्रणाचं तापमान ० अंश असतं. काचेच्याने ०.५ दाखवलं, डिजिटलने १.२. मग दोन्ही विहिरीच्या पाण्याच्या बादलीत बुडवून पाहिले, तिथेही दोघांत साधारण तेवढाच फरक आला. म्हणजे डिजिटलच्या प्रत्येक नोंदीतून १.२ वजा करायचे. अंशभराचा फरक शहरात कोणाच्या लक्षातही येणार नाही, पण आमच्याकडे ७ आणि ८ यांच्या मध्ये पहाटे मोटर सुरू करायचा निर्णय असतो. ज्यांना हे करून बघायचं आहे त्यांनी बर्फाची तपासणी टाळू नये. खर्च दहा रुपयांच्या बर्फाचा आणि वेळ अर्ध्या तासाचा.

२८ जानेवारी

जागेनेच हा आठवडा खाल्ला. सेन्सर पॅकिंग शेडच्या उत्तरेकडच्या भिंतीला लावला होता, सावली कायम आणि वीज जवळ म्हणून. रोजची नोंद कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राच्या पेपरात येणाऱ्या किमान तापमानापेक्षा बरीच जास्त येत होती. कुंदेवाडी काही लांब नाही. एवढा फरक शिवाराचा असू शकत नाही.

दोष भिंतीचा निघाला. विटांची भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्रभर सोडत राहते. वर पत्रा असल्याने आकाशही झाकलेलं. काचेचा तापमापक खळ्यापलीकडच्या मोकळ्या रानात ठेवून एकाच पहाटेची नोंद घेतली: भिंतीपाशी १२.१, रानात ९.४. भिंतीजवळच्या सगळ्या नोंदी वहीत फुली मारून बाद केल्या. त्यांना ठरावीक आकडा वजा करून वाचवता येत नाही, कारण आदल्या दिवशी ऊन किती होतं त्यावर फरक बदलतो.

आता सेन्सर मोकळ्या रानात जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर आहे. वर पांढऱ्या प्लास्टिकच्या कुंडीखालच्या ताटल्या एकावर एक, मध्ये बोटभर फट ठेवून, आटे पाडलेल्या सळईवर ओवल्या. वारा खेळतो, ऊन आणि दव थेट लागत नाही. खर्च ४२० रुपये. ताटल्या काळ्या किंवा विटकरी घेऊ नयेत.

नाना म्हणाले, “नदीकडं उतरताना गाडीवर गुडघ्याला गारठा लागतो, तिथंही एक लाव.” काचेचा तापमापक काठावरच्या एका सदस्याच्या बागेत दिला. त्यांच्या पत्नी रोज सकाळी साडेआठला वाचून कळवतात. हीच वेळ ठेवली, कारण खात्याची सकाळची नोंदही साडेआठचीच असते. पहिल्या काही दिवसांतच नानांचं म्हणणं आकड्यांत उतरलं: वारा पडलेल्या निरभ्र रात्री काठावर आमच्यापेक्षा दीड अंशापर्यंत जास्त गार, वारं असलेल्या रात्री दोन्हीकडे सारखंच. गार हवा जड असते, ती उतारावरून खाली सरकून खोलगट भागात साचते.

३० जानेवारी

पहिला अंदाज पाठवला.

शुक्रवार निवडायचं कारण आहे. हवामान खात्याचा विस्तारित पल्ल्याचा अंदाज दर गुरुवारी येतो, त्यातून पुढच्या आठवड्यांचा कल कळतो. जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा हवामानावर आधारित सल्लाही दर आठवड्याला असतो. हे सगळं वाचून झाल्यावर मॉडेलचे, म्हणजे संगणकाने गणित करून काढलेल्या अंदाजांचे, आकडे बघते: अमेरिकेचं जीएफएस, युरोपीय हवामान केंद्राचं मॉडेल आणि आपलं भारत फोरकास्ट सिस्टिम. हे तिसरं पुण्याच्या आयआयटीएमने (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था) विकसित केलेलं, मे २०२५ मध्ये सुरू झालेलं, ६ किलोमीटरच्या जाळीचं. जाळीचा आकार इथे महत्त्वाचा आहे. जीएफएसचे आकडे मी ज्या रूपात घेते त्यात एक चौकोन साधारण २५ किलोमीटरचा असतो. त्यात नदीकाठ, माळ, गाव सगळं एकच.

अंदाजात सात ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीत किमान, कमाल, आर्द्रता, वाऱ्याची दिशा व वेग, ढग. संध्याकाळी फोन आले. सगळ्यांचा प्रश्न एकच: “ताई, मग पाणी सोडायचं का नाही?” तक्ता बाद. पुढच्या वेळी आधी काम, मग आकडा.

३ फेब्रुवारी

पहिल्या अंदाजात थंडी सोमवारी पहाटे वाढेल असं होतं. ती मंगळवारी पहाटे आली. दोघांनी सोमवारी पहाटे चारला उठून पाणी सोडलं होतं. या आठवड्यात आमच्या फीडरला रात्रीची लाईट आहे, त्यामुळे झोप मोडली ती मोडलीच.

मॉडेलने थंडीची पहाट बरोबर धरली होती. घोळ तारखेत होता. आकडे जागतिक प्रमाणवेळेने येत होते. त्या वेळेचा दिवस आपल्याकडे पहाटे ५:३० ला सुरू होतो आणि दुसऱ्या पहाटे ५:३० ला संपतो. आमच्याकडे किमान तापमान साधारण सूर्योदयाच्या सुमारास येतं, पण ५:३० लाही पारा जवळजवळ तेवढाच खाली असतो. मंगळवारची पहाट सोमवारपेक्षा बरीच गार असली, की ‘सोमवारचं किमान’ म्हणून मंगळवारी पहाटे ५:३० च्या आधीचा आकडा उचलला जातो. थंडी एक दिवस आधी आल्यासारखी दिसते. पारा चढत असताना हा घोळ लपून राहतो, उतरताना उघडा पडतो. सेटिंगमध्ये भारतीय वेळ निवडली आणि दिवसाचा तयार आकडा घेण्याऐवजी तासागणिक आकडे घेऊन रात्री ८ ते सकाळी ८:३० यांतला नीचांक स्वतः काढायला लागले.

हे शोधण्यात सबंध दुपार आणि रात्र गेली. ज्यांना असं काम सुरू करायचं आहे, त्यांनी पहिल्याच दिवशी वेळ तपासावी.

६ फेब्रुवारी

मॉडेलचं किमान आणि आमच्या रानातली नोंद शेजारी शेजारी लिहिली. बहुतेक पहाटे आमचा आकडा दोन ते तीन अंशांनी कमी. म्हणून आजच्या अंदाजात मॉडेलच्या प्रत्येक किमानातून सरसकट २.५ वजा केले. नदीकाठासाठी आणखी १.

नवा साचा असा:

‘शनि-रवि पहाटे: माळावर ८ ते ९, काठाला ७ च्या आसपास. पाणी उतरलेल्या, पेपर न लावलेल्या बागांनी पहाटे ठिबकने थोडं पाणी द्यावं. काढणी चार-पाच दिवसांवर असेल तर देऊ नये. सोम ते बुध: थंडी कायम राहील, खात्री मध्यम. गुरु-शुक्र: फक्त कल, आकडा देत नाही.’

शेवटच्या ओळीवर गटात चर्चा झाली. काहींना सातही दिवसांचे आकडे हवे होते. मी ठाम राहिले. सहाव्या दिवसाचा आकडा पहिल्या दिवसाच्या आकड्यासारखाच दिसतो आणि माणूस दोन्हींवर सारखाच भरवसा टाकतो.

‘थंडीची लाट’ हा शब्दही वापरला नाही. खात्याच्या निकषात मैदानी भागात किमान १० अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी कमी असावं लागतं, किंवा किमान थेट ४ किंवा त्याखाली. आमच्याकडे ८ अंश झाले की बातमीत लाट येते. गटाला लाट आहे की नाही यापेक्षा मणी तडकतील का, हे कळायला हवं.

१० फेब्रुवारी

सरसकट वजाबाकी फसली. रविवारी रात्री आभाळ भरलं. सोमवारी पहाटेसाठी अंदाज १० चा, रानात १३.६. मंगळवारी १४.८. ज्यांनी थंडी धरून फवारणी पुढे ढकलली होती, त्यांना दोन दिवस ढगाळ, दमट हवेत भुरीच्या (द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाच्या) भीतीने काढावे लागले. त्यांचा राग रास्त होता.

पश्चिमी झंझावाताचा हा प्रभाव. भूमध्य समुद्राकडून पश्चिमी वाऱ्यांबरोबर येणारी ही प्रणाली काश्मीर-हिमाचलात बर्फ पाडते. तिचा पट्टा दक्षिणेकडे लांबला की आमच्याकडे आधी उंचावर पिंजलेले ढग दिसतात, वारा उत्तरेचा सुटून आग्नेय-दक्षिणेकडून येऊ लागतो आणि रात्रीचा पारा चढतो. प्रणाली पुढे सरकली की उत्तरेची कोरडी हवा खाली येते आणि पारा पुन्हा घसरतो. मॉडेलला हे सगळं दिसत होतं, त्याचा कच्चा आकडा १२ च्या वरच होता. माझ्या वजाबाकीने तो बिघडला.

निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता उघड्या आकाशाकडे सोडते, जमिनीलगतची हवा गार होऊन खोलगटात साचते. एवढा बारीक उतार मॉडेलच्या चौकोनात मावत नाही, म्हणून अशा रात्री ते चुकतं. ढग असले की ते खालून निघालेली उष्णता परत खाली पाठवतात, हवा साचत नाही आणि मॉडेल जवळजवळ बरोबर येतं. वाऱ्याच्या रात्रीही हवा ढवळली जाते म्हणून फरक उरत नाही. आता दुरुस्ती तीन प्रकारची केली आहे:

निरभ्र आणि वारा ताशी ५ किलोमीटरपेक्षा कमी: २.५ वजा, काठाला आणखी १.५ पर्यंत.
अर्धवट ढग, किंवा ताशी ५ ते १० वारा: १ वजा.
आभाळ भरलेलं, किंवा त्याहून जोराचं वारं: काहीही वजा नाही.

जुन्या नोंदींवर ही रीत चालवून पाहिली. बहुतेक पहाटे फरक अंशाच्या आत आला. हे आकडे आमच्या रानाचे आहेत. दुसऱ्या गावाने स्वतःच्या नोंदी ठेवूनच काढावेत, उचलून वापरू नयेत.

१२ फेब्रुवारी

झंझावात गेला, उत्तरेचं वारं आलं आणि आज पहाटे पडलं. माळावर ७.२, काठाला ५.९. नव्या रीतीने काढलेला, काल संध्याकाळी पाठवलेला आकडा ७ आणि ५.५ होता. गटात सगळ्यांनी वेळेवर पाणी सोडलं.

पहाटे साडेचारपासून मीही रानात होते, एक गोष्ट मोजायची होती म्हणून. डिजिटल सेन्सर बांबूला बांधून पाण्याच्या टाकीच्या चौथऱ्यावरून चार मीटर उंचीवर धरला, दहा मिनिटं थांबले: १०.१. खाली सव्वा मीटरवर त्याआधीची नोंद ७.४. चार मीटर वर जवळपास तीन अंश जास्त ऊब. शेकोट्यांचा उपयोग होतो तो यामुळे. गरम हवा फार वर जात नाही, या उबदार थराखाली अडकून बागेत फिरते. त्यासाठी लहान लहान, बऱ्याच ठिकाणी पेटवलेल्या शेकोट्या हव्यात. एकच मोठा जाळ केला तर हवा वेगाने वर चढून थर फोडून निघून जाते.

ओलं पाचट जाळून नुसता धूर करण्याबद्दल नानांशी बोलणं झालं. त्यांच्या वडिलांपासून धूर करायची पद्धत आहे. धुराचे कण फार बारीक असतात, जमिनीतून निघणारी उष्णता ते अडवू शकत नाहीत. ढगातले थेंब ती अडवतात. नाना बराच वेळ ऐकत होते, मग म्हणाले, “म्हणजे जाळ पाहिजे, धूर नको.” यापुढे संदेशात तेच लिहिणार आहे. धुराने गावातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि पोरांना होणारा खोकलाही वाचेल.

विहिरीचं पाणी त्याच वेळी २४ अंशांचं होतं. पाणी स्वतःबरोबर ऊब आणतं, आणि ओली जमीन दिवसा मिळालेली उष्णता खोलवर साठवून रात्री सावकाश सोडते. म्हणूनच पाणी पहाटेच द्यायचं असं नाही, आदल्या दुपारी दिलं तरी चालतं. लाईट दिवसाची असेल त्या आठवड्यात हे फार कामाला येईल. मात्र पक्व मण्यांना एकदम जास्त पाणी मिळालं तर तेही तडकतात आणि गोडी उतरते. थोडंच द्यायचं.

१३ फेब्रुवारी

आजच्या अंदाजात पहिल्यांदा पावसाचा प्रश्न आला. एका मॉडेलच्या नकाशात पुढच्या गुरुवारी आमच्यावर हिरवा ठिपका होता, ०.८ मिलिमीटरचा. कोणीतरी तो मोबाइलवर पाहून गटात आधीच टाकला. दुपारपर्यंत व्यापाऱ्यांचे फोन सुरू झाले: पाऊस येतोय, आज सौदा करा, दर असा. पावसाच्या बातमीने द्राक्षाचा भाव कसा पाडला जातो हे इथे प्रत्येकाने सोसलेलं आहे. सहा दिवस पुढच्या एका ठिपक्यावर किलोमागे पाच-सात रुपये सोडायची वेळ येणं मला सहन होत नाही, आणि अंदाज लिहायला बसले त्याचं हेही एक मोठं कारण आहे.

एका नकाशावर विसंबायचं नाही, म्हणून समूह अंदाज उघडला. सुरुवातीच्या स्थितीत थोडा थोडा फरक करून तेच मॉडेल पुन्हा पुन्हा चालवतात. युरोपीय केंद्राचे असे ५१ आणि अमेरिकेचे ३१ अंदाज असतात. गुरुवारी आमच्या चौकोनात १ मिलिमीटरहून जास्त पाऊस दाखवणारे ५१ पैकी ६ होते आणि ३१ पैकी ३. खात्याच्या व्याख्येत पावसाचा दिवस म्हणजे २.५ मिलिमीटर किंवा जास्त. द्राक्षाला मात्र रात्रभर घड ओले राहिले तर १ मिलिमीटरही पुरतो, म्हणून माझी मर्यादा मी १ ठेवली आहे.

पाठवलेली ओळ: ‘गुरुवारी ढगाळ राहील. पावसाची शक्यता दहातली एक. आज त्यासाठी माल काढू नये, भावात सूट देऊ नये. मंगळवारी संध्याकाळी पुन्हा कळवते.’

एकाने विचारलं, “आणि आला तर?” मी सांगितलं, दहातला एक म्हणजे येऊही शकतो. ज्याचा माल पूर्ण तयार आहे आणि भाव पटतो आहे, त्याने तो पावसाशिवायही काढावा. ज्याचा माल कच्चा आहे त्याने या ठिपक्यासाठी काढू नये. निर्णय त्याचा, पण शक्यता केवढी हे त्याला माहीत हवं.

१७ फेब्रुवारी

मंगळवारची दुरुस्ती आता कायमची ठेवली आहे. शुक्रवारचा अंदाज मंगळवारपर्यंत शिळा होतो.

समूह अंदाजात पाऊस दाखवणारे कमी झाले, ५१ पैकी २. बंगालच्या उपसागरावरच्या प्रतिचक्रवाती (जास्त दाबाभोवती फिरणाऱ्या) वाऱ्यांनी येणारी ओल विदर्भ आणि मराठवाड्याच्या पूर्व भागापर्यंतच पोचते आहे, आमच्याकडे खालची हवा कोरडीच आहे. संभाजीनगरच्या फुग्याची नोंदही पाहिली. सेन्सर बांधलेला फुगा सोडून हवेचे थर मोजतात, तो आमच्या पूर्वेचा सर्वांत जवळचा. वरच्या थरात ओल, खाली कोरडं. अशा हवेत ढगातून पाऊस निघाला तरी वाटेतच आटतो.

‘बुध-गुरु ढगाळ, रात्री उबदार. पाऊस नाही असं धरून चालावं. भुरीकडे लक्ष. फवारणी दव सुकल्यावर, दहानंतर.’

दवाबद्दल लिहायला हवं. हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन जमू लागते) आणि रात्रीचं अपेक्षित किमान यांत दोन अंशांपेक्षा कमी अंतर असेल तर ‘दव पडेल’ लिहिते. या एका ओळीचे गटात सर्वांत जास्त आभार मानले गेले. फवारणीचा ट्रॅक्टर सकाळी आठला बागेत नेऊन परत आणायचं डिझेल वाचतं.

२० फेब्रुवारी

गुरुवार ढगाळ गेला. वरच्या माळावर एका बागेत चार थेंब पडले, मोजपात्रात काही नाही. मोजपात्र साधंच आहे, १०० मिलिमीटर व्यासाचं नरसाळं आणि बाटली, १८० रुपये. पाणी मिलिलिटरमध्ये मोजून ७.८५ ने भागलं की मिलिमीटर मिळतात.

गेल्या शुक्रवारी ज्यांनी घाईने सौदे केले नाहीत त्यांना आजचा भाव बरा मिळाला. पण हे अंदाजाचं यश म्हणून मोजायचं नाही असं गटात स्पष्ट सांगितलं. दहातला एक म्हणताना पाऊस आला नाही, यातून एवढंच कळतं की आला नाही. पाऊस ‘दहातला एक’ म्हटलेल्या बऱ्याच दिवसांची यादी जमली आणि त्यांत खरोखर दहातल्या सुमारे एका दिवशी आला, तरच हा आकडा नीट होता म्हणता येईल. त्यासाठी दोन-तीन हंगाम लागतील.

२४ फेब्रुवारी

शेजारच्या आप्पांनी गारपिटीचं विचारलं. २०१४ च्या फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत राज्यात झालेली गारपीट इथे कोणी विसरलेलं नाही. आप्पांचा प्रश्न साधा होता: “आठ दिवस आधी सांगशील का?”

नाही. हे उत्तर सोपं नव्हतं, कारण त्यांना हवं होतं ते मलाही मनापासून द्यायचं होतं. आठवडाभर आधी एवढंच कळू शकतं की हवा गारपिटीला पोषक होते आहे: खाली समुद्रावरून आलेली ओल, वर झंझावाताबरोबर आलेली गार हवा आणि उंचीबरोबर जोराने वाढणारा वारा. तिन्ही एकत्र येताना दिसले तर मी ‘या काळात सावध’ लिहीन. पण गारांचा पट्टा कधी कधी काही किलोमीटर रुंदीचाच असतो. तो कोणत्या गावावरून जाईल हे आदल्या दिवशीही सांगता येत नाही.

त्यामुळे गारपिटीसाठी वेगळी व्यवस्था केली. खात्याचा पिवळा किंवा नारिंगी इशारा आमच्या जिल्ह्याला आला की त्या दुपारी दोनपासून एक जण उपग्रहाची चित्रं दर अर्ध्या तासाने पाहील आणि विजांसाठी आयआयटीएमचं ‘दामिनी’ ॲप उघडं ठेवील. मुंबईच्या रडारवर पूर्ण विसंबता येत नाही. पृथ्वी गोल असल्याने आणि किरण थोडा वर रोखलेला असल्याने दीडशे किलोमीटरवर तो जमिनीपासून अडीच किलोमीटरहून उंचावर असतो. उंच वाढलेला ढग दिसतो, खालचं दिसत नाही. संदेश गेला की मजुरांना आधी शेडमध्ये आणायचं, क्रेट मागाहून. हा क्रम आप्पांनीच सुचवला आणि तो सर्वांनी मान्य केला.

२७ फेब्रुवारी

आजचा अंदाज: ‘शनि ते सोम निरभ्र. पहाटे माळावर १२ ते १३, काठाला ११. पहाटेचं पाणी आता थंडीसाठी नको. दुपारी ३३ ते ३५, सोमवारनंतर आणखी चढेल. दिवस-रात्रीत वीस अंशांहून जास्त फरक राहील, मोकळ्या घडांवर उन्हाचा चट्टा पडू शकतो, दक्षिण-पश्चिम बाजूची पानं काढू नयेत. कांद्याला फुलकिडे वाढतील. बुधनंतरचा फक्त कल: उकाडा, ढग नाहीत.’

खर्च: तापमापक ३,२५०, ताटल्यांचं छत्र ४२०, मोजपात्र १८०, बांबू-सळई-वायर धरून ३००. एकूण ४,१५०. गटाने वर्गणीतून दिले. आकडे आणि नकाशे फुकट मिळतात. वेळेचा खर्च मोठा आहे. शुक्रवारी दोन तास, मंगळवारी एक, थंडीच्या दिवसांत रोज संध्याकाळी वीस मिनिटं. एका माणसावर हे टिकणार नाही. काठावरच्या बागेत तापमापक वाचणाऱ्या ताई पुढच्या आठवड्यापासून मंगळवारचा अंदाज लिहायला बसणार आहेत. दुरुस्तीची रीत आणि तासागणिक किमान काढायची पद्धत त्यांना लिहून दिली आहे.

१० तारखेच्या दुरुस्तीनंतरच्या पडताळणीत दिसलं ते असं. पहिल्या तीन दिवसांचं किमान तापमान बहुधा अंशभराच्या आत आलं. चौथ्या-पाचव्या दिवशी फरक दोन अंशांपर्यंत गेला. सहाव्या-सातव्या दिवशी आकडा द्यायचा नाही हे ठरवलं होतं, पण वहीत तो लिहून ठेवत होते. झंझावात वाटेत असताना तो पाच अंशांपर्यंत हुकला, नसताना चांगला आला. म्हणून पुढच्या हिवाळ्यात शेवटच्या दोन दिवसांचा आकडा वाटेत झंझावात नसेल तेव्हाच द्यायचा, असं वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आहे.

कमाल तापमानासाठी वेगळी दुरुस्ती लागेल. ताटल्यांच्या छत्रात वारा नसताना दुपारी सेन्सर थोडा तापतो असं वाटतं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात जुना टेबलफॅन जोडून त्याच छत्रातून हवा खेचून पाहणार आहे. फरक अंशापेक्षा जास्त निघाला, तर फेब्रुवारीतल्या कमाल तापमानाच्या सगळ्या नोंदी बाद धरायच्या.